घरातले गाणे आणि मधल्या किमतीचे यंत्र

आजच्या व्याख्यानाचा विषय फाटकाजवळच्या फळ्यावर वाचून काही मंडळी हसली, हे आम्ही आत येताना पाहिले. बोनस, महागाई-भत्ता आणि किमान वेतन यांवर बोलावयाचे सोडून कामगार-चळवळीतला माणूस रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रावर बोलणार, म्हणजे एकतर त्याचे डोके फिरले असावे, नाहीतर त्याला पेन्शन लागले असावे! यांपैकी दुसरी गोष्ट अजून घडलेली नाही. पहिलीचा निवाडा श्रोत्यांनी तासाभराने करावा.

परंतु विषय वाटतो तितका परका नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, ही मागणी इंग्लंडमध्ये रॉबर्ट ओवेनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली आणि पुढे ती जगभरच्या कामगारांची झाली. पहिल्या आठ तासांवर आमचा सारा जन्म गेला. दुसऱ्या आठ तासांची काळजी झोप घेते. पण तिसऱ्या आठ तासांचे काय? ते मिळवण्यासाठी माणसे तुरुंगात गेली, गोळ्या खाऊन मेली. आणि मिळाल्यावर त्यांत काय करावयाचे, याचा विचार मात्र आम्ही चळवळीतल्या लोकांनी फारसा केला नाही. घरी बसून चांगले गाणे चांगल्या तऱ्हेने ऐकणे हा त्या तिसऱ्या आठ तासांतला एक हक्क आहे, असे आमचे मत आहे. ते मत कसे बनले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या वाचनालयात एका दिवंगत सभासदाच्या कन्येने दोन खोकी आणून ठेवली. वडील गिरणीत साचेखात्यात होते. आयुष्यभर चहा-विडीतून वाचवलेल्या पैशांनी त्यांनी रेकॉर्डी जमवल्या होत्या : नाट्यगीते, पोवाडे, भजने, थोडे ख्यालगायन. बाई म्हणाल्या, "आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवायला जागा नाही, आणि भंगारात घालायला हात धजत नाही. तुम्ही चार लोकांना ऐकवा." आम्ही कमिटीची सभा भरवली आणि यंत्र घ्यावयाचे ठरवले. आता युनियनची कमिटी खरेदी कशी करते, ते श्रोत्यांस ठाऊक असेल. तीन ठिकाणांहून भाव आणले आणि सर्वांत कमी भावाचे यंत्र घेतले. सुटकेससारखी पेटी, लाल रंग, आतच स्पीकर. सर्वांना फार आवडले.

तीन-चार आठवड्यांनी आमच्या मंडळींपैकी एक जुने जॉबर ऐकावयास आले. गाणे चालू असता त्यांनी पेटीवर तळहात ठेवला, जसा ते एके काळी साच्यावर ठेवीत, आणि म्हणाले, "ह्याचा दांडा बसलेला नाही. आणि सुई रेकॉर्ड कुरतडतेय." आम्ही हसण्यावारी नेले. पण एक लाँगप्ले आम्ही तोवर तीस-चाळीस वेळा लावली होती. ती दुसऱ्या एका घरी चांगल्या यंत्रावर लावून पाहिली, तेव्हा प्रत्येक 'स' आणि 'श' फाटून आला. हार्मोनियमच्या मागे वाळू चाळल्यासारखा आवाज कायमचा बसला होता. दोष यंत्राचा म्हणावा तर ते आम्हीच निवडले होते. एका माणसाने जन्मभर जपलेली वस्तू आम्ही तीन आठवड्यांत झिजवली, आणि तीही सार्वजनिक पैशाने. त्या लाजेपोटी आम्ही या यंत्राचा इतिहास वाचू लागलो.

इतिहास असा आहे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला. त्यात नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या पत्र्यावर आवाज उठत असे. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि नळकांड्याऐवजी सपाट तबकडी आणली. तबकडीचा खरा गुण असा की एका साच्यावरून तिच्या हजारो प्रती छापता येतात. म्हणजे बर्लिनरने गाण्याचा छापखाना काढला, असे म्हटले तरी चालेल. पण त्याचे पहिले यंत्र जर्मनीत १८९० च्या सुमारास विकले गेले ते खेळणे म्हणून, आणि ते हाताने फिरवावे लागे. हात थकला की गाणारा खर्जात जाई, हुरूप आला की टिपेस! यंत्राची पहिली गरज कोणती, हे त्या खेळण्यानेच शिकवले : थाळी एकसारख्या गतीने फिरली पाहिजे. अमेरिकेतील कॅमडेन गावचा यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन याने १८९६ मध्ये बर्लिनरच्या यंत्रास चावीची मोटर बसवून दिली, आणि खेळण्याचे घरगुती यंत्र झाले.

त्याच जॉन्सनने १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली आणि १९०६ मध्ये 'व्हिक्ट्रोला' बाजारात आणली. कर्णा कपाटाच्या पोटात लपवलेला, वर झाकण, महोगनीचे चकचकीत लाकूड. किंमत २०० डॉलर. आम्ही कामगार लोक किंमत पैशांत मोजत नाही, श्रमात मोजतो. त्या काळी अमेरिकेतल्या कारखान्यातला साधा मजूर आठवड्याला दहा-बारा डॉलर मिळवी. म्हणजे ही वस्तू त्याच्या चार महिन्यांच्या मजुरीहून महाग. आणि त्या पैशातला मोठा वाटा कशाचा? कपाटाचा. दिवाणखान्यात शोभेल असे फर्निचर विकावयाचे आणि त्यात गाणे घालून द्यावयाचे, ही युक्ती तेव्हापासून चालत आली. आपल्याकडचा रेडिओग्राम काही निराळा नव्हता. लग्नात दिलेल्या कपाटासारखा तो भिंतीशी उभा असे आणि त्यावर क्रोशाचे कापड व फुलदाणी ठेवलेली असे. आतली सुई कोणी बदलली होती का, हे विचारावयाचे नसे.

या कथेत हिंदुस्थानचा वाटा फार जुना आहे आणि तो दुहेरी आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. १९०८ मध्ये कलकत्त्याजवळ सियालदा येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. पुढे बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे तीन-तीन मिनिटांच्या बाजूंवर चढून ज्यांनी कधी थिएटरची पायरी पाहिली नव्हती त्यांच्या गावी पोचले. हा झाला एक वाटा. दुसरा वाटा जंगलातला. जुनी तबकडी ज्या चपड्याने बांधली जाई तो चपडा म्हणजे लाख, आणि जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखातून जाई. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरून आदिवासी ती खरवडून काढीत. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात जे गाणे वाजे, त्याच्या तबकडीत छोट्या नागपुरातल्या मजुरीचा अंश असे. त्या मजुरांपैकी कितींनी ग्रामोफोन ऐकला असेल, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असे. पोलादी सुई जड आणि तबकडी कठीण. तेव्हा तबकडीनेच सुई घासून आपल्या खाचेच्या मापाची करून घ्यावी आणि एका बाजूनंतर सुई फेकून द्यावी, असा व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा आखडला. अमेरिकेत १९४२ पासून तिच्या वापरावर बंधने आली. प्लास्टिकचा शोध चालूच होता. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी आणली आणि १९४९ मध्ये आर.सी.ए. कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. येथे सारा हिशेब उलटला. ही नवी तबकडी मऊ, आणि तिची खाच जुनीच्या मानाने निम्म्याहूनही बारीक. आता झिजावयाचे ते सुईने नव्हे, तबकडीने.

याचा थोडा हिशेब करून पाहू. लाँगप्लेची एक बाजू वीस-एकवीस मिनिटे वाजते. म्हणजे सुमारे ७०० फेरे. प्रत्येक फेऱ्याची सरासरी लांबी ६५ सेंटिमीटर धरली तर सुई एका बाजूत जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते. हा अर्धा किलोमीटर ती मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढ्या टोकावर चालते, आणि जाताना भिंतींचे जे बारीक खडबडीतपण तिला लागते तेच आपले गाणे. आता अशा वाटेवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दीड शेर ओझे द्यावयाचे की दीड मण, हा प्रश्न आहे. आमच्या लाल पेटीची सुई पाच-सहा ग्रॅमने दाबत होती. चांगल्या मधल्या यंत्राची सुई दोन ग्रॅमच्या आतबाहेर दाबते. जॉबरबुवांनी तळहाताने ओळखले ते हेच.

लाँगप्लेनंतर यंत्रे बनवणाऱ्यांचा धंदा इंग्लंडमध्ये फोफावला. या धंद्यात दोन कुळे होती. एक गॅरार्डचे. लंडनच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असता, तोफांसाठी अंतरमापक यंत्रे करण्यास ही कंपनी काढली. युद्ध संपले, अंतरमापक कोणाला नकोत, पण बारीक काम जाणणारे हात तर आहेत. तेव्हा त्याच हातांनी स्विंडन गावी ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरी सुरू केल्या. स्विंडन हे रेल्वेच्या कारखान्यांचे गाव. १९५४ मध्ये तेथे 'गॅरार्ड ३०१' निघाले, जे आकाशवाणी-केंद्रांतही वापरले गेले, आणि साठीच्या दशकात सामान्य घरासाठी 'एस.पी. २५' निघाले. इंग्लंडमधल्या कित्येक कामगारांचे आणि कारकुनांचे पहिले नीटसे यंत्र हेच. दुसरे कूळ बर्मिंगहॅमच्या बी.एस.आर. कंपनीचे. हिने एकावर एक रेकॉर्डींची चळत ठेवून आपोआप पाडणारी स्वस्त यंत्रे लाखोंनी केली. 'डॅनसेट' नावाच्या लोकप्रिय पेट्यांत तीच बसवीत. तरुण पोरापोरींना त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या खोलीत स्वतःचे गाणे दिले, हे ऋण विसरता येत नाही. पण त्यांची सुई जड आणि आर्म ढोबळ, हेही खरे.

आणि स्वस्ताईची दुसरी बाजूही आम्ही नजरेआड करू शकत नाही. याच कंपनीने उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला आपला कारखाना १९६७ मध्ये बंद केला. आधीच बेकारीने गांजलेल्या गावात सुमारे हजार माणसे रस्त्यावर आली. १९६९ मध्ये स्कॉटलंडमधल्या तिच्या ईस्ट किलब्राइड कारखान्यात, युनियनला मान्यता द्या, एवढ्या साध्या मागणीसाठी संप करावा लागला. हलक्या किमतीची वस्तू नेहमी कोणाच्या तरी हलक्या मजुरीवर उभी असते, असा आमचा सरसकट दावा नाही. पण किंमत इतकी उतरली कशी, हा प्रश्न दुकानात उभे राहून एकदा तरी विचारावा.

मधल्या किमतीचा खरा धडा मात्र अमेरिकेतल्या एका शिक्षकवृत्तीच्या माणसाने दिला. एडगर व्हिलचर हा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथील अकूस्टिक रिसर्च कंपनीचा संस्थापक. १९६१ मध्ये त्याने एक टर्नटेबल काढले आणि किंमत ठेवली ५८ डॉलर. सुईची कार्ट्रिज, अँप्लिफायर व स्पीकर निराळे घ्यावे लागत, हे खरे. तरीही त्या वेळच्या अमेरिकन कारखान्यातल्या सरासरी मजुराची ही तीन-सव्वातीन दिवसांची कमाई. कोठे चार महिने आणि कोठे तीन दिवस!

हे त्याने कसे साधले? आपोआप रेकॉर्ड पाडणारी यंत्रणा काढून टाकली. झगमगाट काढला. मोटर अगदी लहान घेतली आणि थाळी रबरी पट्ट्याने फिरवली, म्हणजे मोटरची थरथर पट्ट्यातच जिरते. मुख्य युक्ती अशी की थाळी आणि आर्म ही दोन्ही एकाच आतल्या पट्टीवर बसवून ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. बाहेरून धक्का बसला तर थाळी व सुई दोघी एकत्र हलतात. एकमेकींच्या मानाने स्थिरच राहतात. गाणे चालू असता बैठकीवर हातोडी मारून ते दाखवीत आणि सूर हलत नसे. पाट्यावर वरवंटा चालला की सारी भिंत हादरणाऱ्या आमच्या चाळीला ही युक्ती लगेच पटण्यासारखी आहे. व्हिलचरने पैसा वाचवला, पण जेथे यंत्र तबकडीला भिडते तेथे वाचवला नाही. आमच्या मते आजच्या विषयाचे सार एवढेच आहे : स्वस्त यंत्र सुईशी काटकसर करते आणि पेटीवर उधळते, अतिमहाग यंत्र दोन्हीकडे उधळते, चांगले मधले यंत्र पेटीवर काटकसर करते आणि सुईशी हात सैल सोडते.

पुढचा इतिहास लवकर सांगतो. जपानमधल्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० मध्ये, पट्टा नाही, चाक नाही, मोटरच्या दांड्यावरच थाळी, असे यंत्र विक्रीस आणले आणि १९७२ मध्ये त्याच जातीचे एस.एल. १२०० आणले. गती इतकी अचूक आणि बांधणी इतकी भक्कम की ते पुढे नाचघरांतून वर्षानुवर्षे राबले. इंग्रज कारखाने या स्पर्धेत मागे पडले. गॅरार्ड कंपनी १९७९ मध्ये ब्राझीलच्या ग्राडिएंटे कंपनीला विकली गेली, उत्पादन तिकडे गेले आणि स्विंडनचे हात रिकामे झाले. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. त्याच साली जानेवारीत मुंबईचा गिरणी-संप सुरू झाला होता. यंत्र बदलते तेव्हा साऱ्या गावाचे कसब एका रात्रीत निकामी ठरते, हे आम्ही पोरवयात आमच्या घरात पाहिले. म्हणून स्विंडनची गोष्ट वाचताना ती परदेशची वाटली नाही.

पण एक गोष्ट वेगळीही घडली. चेकोस्लोव्हाकियात लितोव्हेल नावाच्या लहान गावात टेस्ला या सरकारी उद्योगाचा टर्नटेबलांचा कारखाना होता. राजवट बदलली, मागणी आटली, कारखाना बंद पडावयाचाच. तेव्हा हाइन्झ लिख्टेनेगर नावाच्या ऑस्ट्रियन व्यापाऱ्याने १९९१ मध्ये त्याच गावात, त्याच कसबी हातांकडून, प्रो-जेक्ट नावाची साधी, मधल्या किमतीची यंत्रे करून घेण्यास सुरुवात केली. सारे जग टर्नटेबल फेकून देत असता हा माणूस ती करवून घेत होता. जगाने पुन्हा कूस बदलली. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कपेक्षा तबकड्या संख्येने अधिक खपल्या. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेले १२०० हे यंत्र २०१६ मध्ये पुन्हा सुरू केले. कसब टिकवून ठेवले तर त्याला पुन्हा दिवस येतात. पण मधल्या काळात ते टिकवावयाचे कोणी, हा प्रश्न उरतोच.

आता इतक्या इतिहासातून घरी काय न्यावयाचे? ज्याला आज यंत्र घ्यावयाचे आहे त्याने चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, गती : तंबोऱ्याचा किंवा हार्मोनियमचा लांब स्वर लावून ऐकावा, स्वर लडबडला तर ते यंत्र दुकानातच ठेवावे. दुसरी, घरघर : गाणे सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या खाचेत कान द्यावा, दळण चालल्यासारखे ऐकू आले तर मोटर थाळीशी बोलते आहे. तिसरी, आर्म : मागे सरकते वजन हवे, सुईचा दाब कमीजास्त करता आला पाहिजे, आणि सुई झिजली की तेवढीच बदलता आली पाहिजे. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, जन्मभर नव्हे. चौथी, दुरुस्ती : पट्टा, सुई आणि स्क्रू बाजारात मिळतात का, हे आधी विचारावे. जे यंत्र आपल्या गल्लीतल्या कारागिराला उघडता येत नाही, ते आपण विकत घेतलेले नसते. भाड्याने घेतलेले असते.

दोन सूचना आणखी. सुईकडून येणारा आवाज अगदी क्षीण असतो; त्यास वाढवणारा फोनो-भाग टर्नटेबलात किंवा अँप्लिफायरमध्ये आहे का, हे न पाहता घेणारा माणूस घरी जाऊन मुके यंत्र लावतो. आणि ज्यांच्याकडे आजोबांच्या लाखेच्या तबकड्या आहेत त्यांनी ७८ फेऱ्यांची सोय असलेले यंत्र घेऊन त्यांसाठी रुंद टोकाची निराळी सुई ठेवावी. लाँगप्लेच्या सुईने त्या वाजवणे म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल हाकणे होय.

आमच्या वाचनालयाने नंतर वर्गणी काढून साधे, पट्ट्यावर चालणारे यंत्र घेतले. नवे यंत्र आज साधारण तीस ते साठ हजार रुपयांत पडते. एका कुटुंबास हा मोठा खर्च आहे, पण चाळीस सभासदांत तो पेलला. स्पीकर जुन्या बाजारातून आणून दुरुस्त केले. बैठक जॉबरबुवांनी स्वतः पाणसळ लावून समतल केली. लाल पेटी आम्ही टाकली नाही. ती कपाटावर ठेवली आहे, कमिटीला सर्वांत कमी भावाचा मोह झाला म्हणजे पाहण्यासाठी.

दर शनिवारी संध्याकाळी तेथे दहा-पंधरा माणसे बसतात. त्या बाई एकदा येऊन गेल्या. वडिलांची एक रेकॉर्ड आम्ही लावली. जी बिघडवली ती नव्हे, दुसरी. गाणे संपले तरी सुई आतल्या रिकाम्या खाचेत बराच वेळ फिरत राहिली आणि उठून ती उचलावी, असे कोणालाच वाटले नाही. बिघडलेल्या रेकॉर्डीविषयी आम्ही बाईंना त्याच दिवशी सांगितले. त्या म्हणाल्या, "बाबांनी पण एक बिघडवली होती. दुसरी घ्यायला त्यांना दोन वर्षं लागली."